तीन पिचर देऊन एक ईटन: वॉशिंग्टनच्या सौद्याचं प्रकरण

७ डिसेंबर २०१६ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाने शिकागो व्हाइट सॉक्सला तीन तरुण पिचर (चेंडू टाकणारे) दिले आणि बदल्यात एकच खेळाडू घेतला, आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) ॲडम ईटन. दिलेले तिघे होते ल्युकस जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग. बेसबॉल संघांचे कारभारी, एजंट आणि पत्रकार दर डिसेंबरात एका ठिकाणी जमतात. त्या वर्षी हा मेळा मेरीलँडमधल्या नॅशनल हार्बरला भरला होता, नॅशनल्सच्या मैदानापासून थोड्याच मैलांवर. सौदा घरच्या अंगणात झाला आणि भडकले तेही घरचेच लोक.

आदल्याच दिवशी शिकागोने आपला सर्वोत्तम पिचर क्रिस सेल बोस्टनला दिला होता. सेलसाठी वॉशिंग्टननेही जोर लावल्याच्या बातम्या होत्या, आणि त्या बोलणीत जिओलिटोचं नाव आघाडीवर होतं. सेलसारख्या पिचरसाठी जिओलिटो जाणार असेल तर दुःख होईल, पण पटेल, असं चाहत्यांनी मनाशी ठरवलेलं. चोवीस तासांत कळलं की जिओलिटो गेला, सोबत आणखी दोघे गेले, आणि आला ईटन. अंतर्गत वादळ उठलं ते या अपेक्षाभंगामुळे. हाच सौदा आठवडाभर आधी झाला असता तर ओरड निम्मीच झाली असती, असं मला वाटतं.

या प्रकरणाकडे मी पुन्हा वळतो, कारण तरुण पिचरची किंमत कशी करायची या वादातले जवळजवळ सगळे मुद्दे यात एकत्र आहेत, आणि पुढे काय झालं हेही आता जवळजवळ सगळं समोर आहे.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. आयपीएलच्या लिलावात खेळाडूची किंमत रुपयांत पुकारली जाते आणि ती सगळ्यांना ऐकू येते. मेजर लीग ही बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा; तिथल्या ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत, किंमत मोजतात ती दुसऱ्या खेळाडूंमध्ये. शिवाय ज्या मुलाला संघाने ड्राफ्टमधून (नवोदितांच्या वार्षिक निवडीतून) किंवा परदेशातून करारबद्ध केलं, त्याच्यावर मेजर लीगमध्ये आल्यानंतरही साधारण सहा हंगाम त्याच संघाचा हक्क राहतो. पहिली तीन वर्षं तो जवळपास किमान पगारावर खेळतो. २०१७ मध्ये हा किमान पगार होता ५ लाख ३५ हजार डॉलर. त्यानंतर लवादामार्फत पगार वाढतो, तरी खुल्या बाजारापेक्षा कमीच राहतो. म्हणून प्रॉस्पेक्ट, म्हणजे अजून पक्का न झालेला पण मोठा होईल अशी आशा असलेला खेळाडू, हाती असणं म्हणजे सहा वर्षांची स्वस्तातली चाकरी हाती असणं. चाहते जेव्हा ‘किती दिलं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ही सहा वर्षं असतात.

तिघांची कहाणी

जिओलिटो लॉस एंजेलिसच्या हार्वर्ड-वेस्टलेक शाळेचा. उंची ६ फूट ६ इंच. शाळेत असतानाच त्याचा चेंडू ताशी १०० मैलांना लागला होता. त्याच शाळेच्या संघात तेव्हा मॅक्स फ्रीड आणि जॅक फ्लॅहर्टीही होते. एका शाळेच्या एका संघातून तीन मेजर लीग पिचर निघाले! शेवटच्या वर्षी जिओलिटोच्या कोपराचा अस्थिबंध दुखावला. तो ड्राफ्टमध्ये पहिलाच निवडला जाईल अशी चर्चा होती, पण दुखापतीमुळे घसरत सोळाव्या क्रमांकावर आला. वॉशिंग्टनने तरीही २९ लाख २५ हजार डॉलर मोजून त्याला घेतलं. सर्वांत खालच्या लीगमध्ये एका सामन्यात दोन इनिंग टाकल्या आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. कोपराचा फाटलेला अस्थिबंध काढून शरीरातलाच दुसऱ्या जागचा स्नायुबंध तिथे बसवतात ती ही शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली. पुन्हा मैदानात उतरायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

चार वर्षं वॉशिंग्टनने त्याला जपलं. २०१६ मध्ये मेजर लीगच्या अधिकृत प्रॉस्पेक्ट यादीत तो देशात तिसरा होता आणि उजव्या हाताच्या पिचरांत पहिला.

२८ जून २०१६ ला नॅशनल्स पार्कवर न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध त्याने पदार्पण केलं. पहिल्या चार इनिंगमध्ये एकच हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) दिला, धाव एकही नाही. मग पाऊस आला, खेळ थांबला, आणि सुरू झाला तेव्हा त्याला पुन्हा पाठवलं नाही. नॅशनल्स ५-० ने जिंकले. पण त्या चार इनिंगमध्येच बारकाईने पाहणाऱ्यांना एक गोष्ट खटकली होती. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झालेला बॅटर, एकच होता. शाळेत १०० मैलांना लागणारा चेंडू ९३-९४ वर आला होता, आणि ज्या कर्व्हबॉलची (वळणाऱ्या चेंडूची) एवढी कीर्ती ऐकली होती तो हवा तिथे पडत नव्हता. पुढे त्याला वर-खाली फिरवण्यात आलं, मेजरमध्ये दोन सामने, परत मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये), पुन्हा वर. मोसमाच्या अखेरीस हिशेब असा निघाला: २१ इनिंग आणि एक आउट, ७ होम रन, ११ स्ट्राइकआउट, १२ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), ईआरए ६.७५. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा. तीनच्या आत असला तर उत्तम, पाचच्या वर गेला तर नोकरी धोक्यात. त्या वर्षी संघाने त्याच्या फेकीच्या पद्धतीत फेरफारही करून पाहिले होते.

लोपेझचा मार्ग वेगळा. डॉमिनिकन रिपब्लिकमधून २०१२ मध्ये तो अवघ्या १७ हजार डॉलरला करारबद्ध झाला. जिओलिटोच्या बोनसशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. २०१६ च्या जुलैत तोही मेजरमध्ये आला. चेंडू जोरदार, ताबा कच्चा, ४४ इनिंगमध्ये ईआरए ४.९१. डनिंग नुकताच फ्लोरिडा विद्यापीठातून आलेला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये २९ वा. ती निवडही वॉशिंग्टनला भरपाई म्हणून मिळाली होती, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) इयन डेसमंड सोडून गेला म्हणून.

ईटनचा हिशेब

दुसऱ्या पारड्यात एकटा ईटन. सौद्याच्या आदल्याच दिवशी त्याला २८ वर्षं पूर्ण झाली होती. बांधा लहानसा, ड्राफ्टमध्ये एकोणिसाव्या फेरीत निवडलेला, चिवट आणि बडबड्या. २०१६ मध्ये सरासरी .२८४, होम रन १४. हे आकडे पाहून कुणी दिपून जाणार नाही. पण उजव्या आउटफिल्डमधलं त्याचं क्षेत्ररक्षण आणि थ्रो मोजणाऱ्यांनी त्या वर्षी त्याला लीगमधल्या मोजक्या मोलाच्या खेळाडूंत बसवलं. फलंदाजी, धावणं आणि क्षेत्ररक्षण एकत्र करून खेळाडूने संघाला किती विजय मिळवून दिले याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे वॉर, आणि ईटनचा तो सहाच्या आसपास होता. सहा म्हणजे ऑल-स्टारच्या तोडीचं.

त्याचा करार हा खरा दागिना होता. २०१७ ते २०२१ अशी पाच वर्षं, शेवटची दोन संघाच्या मर्जीवर: ४० लाख, ६० लाख, ८४ लाख, ९५ लाख, १ कोटी ५ लाख. एकूण ३ कोटी ८४ लाख डॉलर. सौद्यानंतर दोनच दिवसांनी सेंट लुइसने डेक्स्टर फाउलर या तीस वर्षांच्या सेंटर फिल्डरला पाच वर्षांसाठी ८ कोटी २५ लाख डॉलर दिले. दोन्ही करार समोरासमोर ठेवले की वॉशिंग्टनच्या कार्यालयात कोणता हिशेब चालला असेल ते दिसतं. तेवढीच वर्षं, तसाच खेळाडू, निम्म्याहून कमी पैसे. उरलेले चार कोटींहून अधिक डॉलर दुसरीकडे लावता येणार होते. कुठे लावले ते पुढे येईलच.

शिवाय मैदानावरची एक गाठ सुटणार होती. ट्रे टर्नर मुळात शॉर्टस्टॉप, पण २०१६ च्या उत्तरार्धात नाइलाजाने सेंटर फिल्डमध्ये खेळवला गेला होता. ईटन आला की टर्नर आपल्या जागी परतणार. तसंच झालं, आणि काही दिवसांतच शॉर्टस्टॉप डॅनी एस्पिनोसाला एंजल्स संघाकडे पाठवण्यात आलं.

दोन्ही शहरांतला वाद

वॉशिंग्टनच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले. व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये स्थिरावलेल्या आणि बेसबॉल आपलासा केलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हे दोन तट होतेच.

रागावलेल्यांचं म्हणणं यादीवर उभं होतं. देशातला तिसरा प्रॉस्पेक्ट, पहिल्या चाळिसांतला दुसरा आणि वर पहिल्या फेरीतला तिसरा, एवढं देऊन मिळालं काय, तर ज्याने आयुष्यात एकदाही १५ होम रन मारले नाहीत असा आउटफिल्डर. त्यातला वजनदार मुद्दा मात्र वेगळा होता. ईटनचा सहाचा आकडा उजव्या फिल्डमधल्या क्षेत्ररक्षणावर उभा, आणि वॉशिंग्टनच्या उजव्या फिल्डमध्ये होता संघाचा तारा ब्राइस हार्पर. ईटन सेंटरमध्ये खेळणार, जिथे २०१५ मधले त्याचे आकडे वाईट होते. म्हणजे ज्या गुणाची किंमत मोजली तो गुण वापरलाच जाणार नव्हता. हा आक्षेप मला आजही पूर्ण बरोबर वाटतो.

बाजू घेणाऱ्यांचं उत्तर घड्याळाकडे बोट दाखवणारं होतं. २०१२, २०१४, २०१६, तिन्ही वेळा संघ प्ले-ऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच मालिकेत गारद. हार्परचा करार २०१८ च्या अखेरीस संपणार. उरले दोन हंगाम. जिओलिटो २०२० मध्ये महान होऊन काय उपयोग? दुसरा मुद्दा त्याहून कठोर. पिचिंग प्रॉस्पेक्ट असं काही नसतंच, अशी अमेरिकन चाहत्यांत एक जुनी म्हण आहे. बॅटर तरुणपणी जसा दिसतो तसा बऱ्यापैकी घडतो. पिचरचं सगळं भवितव्य खांदा आणि कोपरात, आणि ते कधी दगा देतील सांगता येत नाही. एक कोपर आधीच शिवलेला, चेंडूचा वेग उतरलेला. मग यादीत नाव वर आहे तोवरच विकावं.

शिकागोतही सगळे खूश नव्हते. दोन दिवसांत सेल गेला, ईटन गेला. ईटन पाच वर्षं स्वस्तात हातात होता, त्याला विकायची घाई कशाला, असा तिथला सूर होता. पण जनरल मॅनेजर रिक हॅन यांनी संघ मोडून नव्याने बांधायचं ठरवलं होतं. सेलच्या बदल्यात तरुण बॅटर योआन मोन्काडा आणि ताशी १०० मैलांनी टाकणारा मायकेल कोपेक आला होता, आता हे तिघे. कागदावर शिकागोकडे एकाएकी तरुण पिचरांची रांग लागली.

या साऱ्या भांडणात यादीला सगळ्यांनीच प्रमाण मानलं होतं. रागावलेले म्हणत तिसरा क्रमांक दिला, खूश असलेले म्हणत तिसऱ्या क्रमांकाला विकला. यादी किती तोकडी असते याचे दोन पुरावे तेव्हा या दोन संघांच्याच घरात होते. शिकागोने त्याच वर्षी जूनमध्ये जेम्स शील्ड्स या उताराला लागलेल्या पिचरसाठी सॅन डिएगोला सतरा वर्षांचा एक पोरगा दिला होता. कुठल्याही यादीत नसलेला. तो फर्नांडो टाटीस ज्युनियर, पुढचा मोठा तारा. आणि वॉशिंग्टनच्या सर्वांत खालच्या संघांत अठरा वर्षांचा एक डावखुरा बॅटर खेळत होता, ज्याचं नाव या वादात क्वचितच कुणी घेतलं. तो हुआन सोटो, तोही पुढचा मोठा तारा. वॉशिंग्टनने व्हिक्टर रोब्लेस या तरुण आउटफिल्डरला मात्र जाणीवपूर्वक राखलं होतं, सोटो हातात राहिला तो कुणाच्या फारसा नजरेत न येता.

पहिली दोन वर्षं: दोघंही हरले

२८ एप्रिल २०१७, पुन्हा समोर मेट्स. नवव्या इनिंगमध्ये ईटनने हळू चेंडू टोलवला आणि पहिल्या बेसकडे जीव तोडून धावला. पाय बेसवर विचित्र पडला, गुडघा वळला आणि तो कोसळला. अस्थिबंध फाटला. २३ सामन्यांत त्याचा हंगाम संपला. गंमत नव्हे, पण प्रॉस्पेक्टच्या शरीराचा भरवसा नाही म्हणून जो पक्का खेळाडू घेतला त्याचंच शरीर आधी मोडलं. त्या वर्षी संघाने ९७ सामने जिंकले आणि पहिल्याच मालिकेत शिकागो कब्जकडून हरला. २०१८ मध्ये ईटन घोट्याच्या दुखण्यामुळे ९५ सामनेच खेळला, त्यात .३०१ ची सरासरी राखली, पण संघ ८२ विजय, ८० पराभव असा कुठल्या कुठे गेला. मोसम संपला आणि हार्पर फिलाडेल्फियाला गेला, १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलरला. ज्या दोन वर्षांसाठी घाई केली होती ती दोन्ही हातची गेली होती.

मग वॉशिंग्टनचे चाहते जिओलिटोकडे पाहून हळहळले का? मुळीच नाही, कारण जिओलिटोचे हाल त्याहून वाईट होते. २०१७ चा बराचसा काळ तो शिकागोच्या शार्लटमधल्या मायनर संघात होता आणि याद्यांमध्ये घसरत होता. ऑगस्टच्या अखेरीस वर आला आणि सात सामन्यांत २.३८ च्या ईआरएने टाकून गेला, त्यामुळे आशा पालवली. २०१८ मध्ये ती पार करपली. ३२ सामने, ईआरए ६.१३, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक ९० वॉक, सर्वाधिक ११८ धावा खात्यावर. पुरेशा इनिंग टाकलेल्या मेजर लीगच्या सगळ्या पिचरांत सर्वांत वाईट ईआरए त्याचा होता. त्या वर्षी लोपेझ बरा होता, १८८ इनिंगमध्ये ३.९१. सप्टेंबरात कोपेकच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, पुढच्या मार्चमध्ये डनिंगवरही तीच. ती म्हण खरी ठरते आहे असं दिसत होतं.

या ६.१३ च्या मोसमावर मी जास्त थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. जिओलिटो ३२ वेळा मैदानात उतरला. मार खाल्ला, पाच दिवसांनी पुन्हा उतरला, पुन्हा मार खाल्ला, पुन्हा पाच दिवसांनी त्याचीच पाळी. हे शिकागोत शक्य होतं, कारण शिकागो त्या वर्षी १०० सामने हरला आणि हरणार हे त्यांनी आधीच पत्करलं होतं. वॉशिंग्टनमध्ये शर्झर-स्ट्रासबर्ग या बड्या पिचरांच्या मागे, दर विजय मोजणाऱ्या संघात, ईआरए सहाच्या वर असलेल्या पिचरला ३२ सामने कुणी दिले असते? मे महिन्यातच त्याला मायनरमध्ये पाठवलं असतं, जुलैत पुन्हा आणलं असतं, ऑगस्टमध्ये बुलपेनमध्ये (सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांत) टाकलं असतं. २०१६ मध्ये नेमकं असंच तर त्याला फिरवलं होतं. तरुण पिचरचं मोल त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. तो ज्याच्याकडे आहे त्याला किती काळ हरणं परवडतं, यावरही ते ठरतं. वादातल्या दोन्ही तटांनी जिओलिटोची किंमत अशी केली होती जणू ती वॉशिंग्टनमध्ये आणि शिकागोत एकच असणार. ती तशी नव्हती.

२०१९

त्या हिवाळ्यात जिओलिटोने स्वतःला मोडून पुन्हा जोडलं. मदतीला होता इथन कॅट्झ, हार्वर्ड-वेस्टलेक शाळेतला त्याचा जुना पिचिंग कोच. चेंडू टाकण्याआधी हात मागे लांब फिरत असे, तो फेरा त्याने आखडता घेतला. बॅटरला चेंडू आता उशिरा दिसू लागला. सिंकर नावाचा खाली बुडणारा फास्टबॉल त्याने सोडूनच दिला, सरळ फास्टबॉल वर टाकायचा आणि त्याच हाताच्या गतीने, पण संथ येणारा चेंजअप खाली, एवढ्यावर भर दिला. वेग ताशी जवळपास दोन मैलांनी वाढला. २३ मे रोजी ह्यूस्टनच्या मैदानावर त्याने अॅस्ट्रोसला चार हिटवर शून्यात गुंडाळलं. मोसमाअखेर १४ विजय, ३.४१ ईआरए, २२८ स्ट्राइकआउट, ऑल-स्टार संघात जागा. एका वर्षात सर्वांत वाईटाकडून पहिल्या रांगेत.

आणि त्याच मोसमात, त्याच ह्यूस्टनच्या मैदानावर, ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टन जगज्जेता झाला.

मे महिन्यात १९-३१ अशी अवस्था असलेला संघ ९३ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत आला होता. ईटनने त्या वर्षी १५१ सामने खेळून १५ होम रन मारले आणि १०३ धावा काढल्या. हार्पर गेल्यामुळे तो आता उजव्या फिल्डमध्ये, आपल्या हक्काच्या जागी होता. डावीकडे सोटो, मध्ये रोब्लेस. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्याचा होम रन होता. सहाव्या सामन्यात, हरलो तर संपलो अशी अवस्था असताना, पाचव्या इनिंगमध्ये त्याने ह्यूस्टनचा पिचर जस्टिन व्हर्लँडरचा चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावून २-२ अशी बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात सोटोने आघाडी मिळवून दिली. ३० ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये सगळे बेस भरलेले असताना त्याच्या हिटवर दोन धावा आल्या आणि ६-२ झाले. शहराला १९२४ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं.

मघाशी उरलेल्या पैशांचं म्हणत होतो, ते इथे दिसतात. २०१९ मध्ये ईटनचा पगार ८४ लाख. आदल्या डिसेंबरात वॉशिंग्टनने पॅट्रिक कॉर्बिन या पिचरशी सहा वर्षांचा १४ कोटींचा करार केला होता. मॅक्स शर्झर २१ कोटींचा, स्टीफन स्ट्रासबर्ग साडेसतरा कोटींचा. वॉशिंग्टनचे तेव्हाचे जनरल मॅनेजर माइक रिझो यांची रीत सौद्याच्या वेळी चाहत्यांना नीट दिसली नव्हती, ती आता स्पष्ट झाली: पिचर बाजारातून पैसे मोजून तयार स्थितीतला घ्यायचा, आणि बॅटर स्वस्त ठेवायचा. सातव्या सामन्यात शर्झरने पाच इनिंग रेटल्या, त्यामागे कॉर्बिनने तीन बिनधावांच्या टाकल्या आणि विजय त्याच्या नावावर लागला. तीन प्रॉस्पेक्ट गेले ती पोकळी भरायला पैसा होता, आणि त्या पैशात ईटनच्या स्वस्त कराराचाही वाटा होता.

याचा अर्थ २०१६ मध्ये रागावलेले चुकले, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विजेतेपदाचा झेंडा कायमचा फडकत राहतो हे खरं, पण त्या विजेतेपदात सोटो, अँथनी रेंडॉन, स्ट्रासबर्ग, हॉवी केंड्रिक हे सगळे आहेत. एकट्या ईटनच्या नावावर ते लिहून सौदा रास्त ठरवणं म्हणजे उत्तर पाहून गणित मांडणं. माझा निवाडा असा: त्या दिवशी वॉशिंग्टनने एक पिचर जास्त दिला. जिओलिटो आणि लोपेझवर सौदा थांबायला हवा होता. डनिंगला राखता आलं असतं तर प्रयत्न करायला हवा होता, कारण घाई वॉशिंग्टनला होती आणि घाईचं मोल शिकागोने पुरेपूर वसूल केलं. पण जिओलिटो द्यावा की नाही, यावर माझं उत्तर ‘द्यावा’ असंच आहे, कारण त्याला जे हवं होतं ते वॉशिंग्टनकडे द्यायला नव्हतं.

नंतरच्या फांद्या

२५ ऑगस्ट २०२० रोजी प्रेक्षकांविना, रिकाम्या खुर्च्यांसमोर जिओलिटोने पिट्सबर्गविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे सबंध सामन्यात एकही हिट दिला नाही. १०१ चेंडू, १३ स्ट्राइकआउट, फक्त एक वॉक, तोही चौथ्या इनिंगमध्ये एरिक गोन्झालेझला. शेवटचा बॅटरही गोन्झालेझच होता. त्याने उजवीकडे सणसणीत फटका मारला आणि ॲडम एंगलने तो धावत येऊन पकडला.

शिकागोने डनिंगचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो टेक्सासला दिला आणि बदल्यात आणला तयार पिचर लान्स लिन, म्हणजे चार वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने केलं तेच. लिन २०२१ मध्ये २.६९ च्या ईआरएने टाकून सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला. डनिंगही वाया गेला नाही, २०२३ मध्ये टेक्सासच्या विजेत्या संघात त्याने १२ सामने जिंकले. लोपेझ स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) म्हणून विझला, बुलपेनमध्ये सावरला आणि पुढे अटलांटात पुन्हा स्टार्टर होऊन २०२४ मध्ये १.९९ चा ईआरए देऊन गेला. आठ वर्षांनी! कुठल्या चाहत्याने, कुठल्या कार्यालयाने हे २०१६ च्या किमतीत धरलं असतं?

ईटन २०२० मध्ये घसरला, वॉशिंग्टनने पुढच्या वर्षाचा हक्क सोडला, आणि त्याला घेतलं कुणी तर व्हाइट सॉक्सने, ७० लाख डॉलरला. २०२१ मध्ये जिओलिटो आणि ईटन एकाच ड्रेसिंगरूममध्ये होते, आणि तोवर कॅट्झही तिथे पिचिंग कोच म्हणून दाखल झाला होता. ईटनला बॅट साथ देईना, जुलैत त्याला सोडून देण्यात आलं. त्या वर्षी शिकागोने ९३ सामने जिंकून आपला विभाग जिंकला आणि पहिल्याच मालिकेत ह्यूस्टनकडून हरला. एवढ्या प्रॉस्पेक्टांवर बांधलेला संघ तिथपर्यंतच पोहोचला. वॉशिंग्टनचीही उतरण सुरू झाली होती, २०२२ मध्ये १०७ पराभव. त्या वर्षीचं त्यांचं पिचिंग पाहून जुने रागावलेले पुन्हा बोलू लागले, की जिओलिटोवर २०२३ पर्यंत हक्क राहिला असता. राहिला असता, पण २०२२ मध्ये त्याचा स्वतःचा ईआरएही ४.९० होता.

जुलै २०२३ मध्ये शिकागोने जिओलिटो आणि लोपेझ दोघांनाही एकत्रच एंजल्सकडे पाठवलं आणि बदल्यात कॅचर एडगर क्वेरो व डावखुरा पिचर काय बुश हे दोन प्रॉस्पेक्ट घेतले. महिन्याभरात एंजल्सची प्ले-ऑफची आशा मावळली आणि पगार वाचवायला त्यांनी दोघांनाही वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे इतर कुठल्याही संघाने त्यांना पगारासकट घ्यावं म्हणून मोकळं केलं. क्लीव्हलंडने बदल्यात कुणालाही न देता ते उचलले. शिकागोत मात्र नवा वाद रंगला होता: क्वेरो यादीत कितवा, बुशची किंमत किती, जिओलिटोसाठी हे पुरेसं का. २०२४ मध्ये संघ १२१ सामने हरला तेव्हाही तो चालूच होता. क्वेरो एप्रिल २०२५ मध्ये मेजरमध्ये आला. बुशच्या कोपरावर त्याआधीच फेब्रुवारीत टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती.